काळ्या रंगाखाली

अब्बांना जाऊन पाचवं वर्ष लागलं होतं, तेव्हा कपाटावरची बेस गिटार आम्ही खाली उतरवली. निमित्तही आमचं नव्हतं. थोरल्याचा मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजातल्या पोरांनी मिळून बँड काढला. गिटारवाले तीन निघाले आणि बेस वाजवायला कुणीच नाही. पोरगा घरी येऊन आजीला म्हणाला, "दादी, दादांचा बाजा मी घेऊ?" अम्मीनं हातातली तसबीह न थांबवता नुसती मान वर करून कपाटाकडं पाहिलं. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

'आम्ही' म्हणजे दोघे भाऊ. थोरला मिरजेत अब्बांचंच गॅरेज चालवतो, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. धाकटा शाळेत शिक्षक आहे. लिहिण्याचं काम धाकट्याच्या वाट्याला आलं, पण यातलं एकही वाक्य थोरल्याला वाचून दाखवल्याशिवाय ठेवलेलं नाही. काही वाक्यं त्यानं खोडायला लावली, काही त्यानंच घातली. म्हणून हा 'आम्ही'. या गिटारीपायी तो 'आम्ही' मधे काही दिवस मोडलाही होता. तेही सांगायचं आहे.

आधी गिटारीविषयी. बेस गिटार ऐकणाऱ्याला सहसा वेगळी अशी ऐकू येत नाही. गाणं चालू असतं, माणूस गाणाऱ्याचा गळा ऐकतो, व्हायोलिन ऐकतो, ढोलक ऐकतो. बेस मधेच थांबली तर मात्र पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. चार जाड तारा; त्यातली सर्वांत खर्जातली मोकळी तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. तो सूर कानापेक्षा छातीला आधी कळतो. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचं डबल बेस करायचं. ते उभं धरायचं आणि गावोगाव हमालासारखं वाहायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरनं 1951 साली त्याची गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची गिटार करून टाकली. गंमत म्हणजे या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

या बाजाचं अंग भरीव लाकडाचं असतं. सतारीचा भोपळा नाही, तंबोऱ्याची पोकळी नाही. आवाज उचलतात ते तारांखालचे लोहचुंबक आणि तो मोठा करतो ॲम्प्लिफायर. वायर जोडली नाही, तर बेस गिटार जवळजवळ मुकी. वाजवणाऱ्याला ऐकू येते, शेजारच्या खोलीतल्याला येत नाही. एवढं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढं लागणार आहे.

अब्बांनी ती 1974 साली मुंबईत धोबी तलावला एका गोवेकर वादकाकडून घेतली. तो गृहस्थ जहाजावर वाजवायची नोकरी धरून परदेशी निघाला होता. त्या काळात बाहेरचा बाजा मिळणं सोपं नव्हतं. गिटार जपानी बनावटीची, मधे पिवळी आणि कडेला तपकिरी होत जाणारी. पैसे गॅरेजच्या मालकाकडून उचल घेतले होते आणि ते दोन वर्षं पगारातून कापून गेले. अब्बा तेव्हा त्या गॅरेजात पेंटर होते. दिवसा गाड्या रंगवायच्या आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, जत्रा, उरूस, शिवजयंती. कर्नाटकात चिकोडी-निपाणीपर्यंत आणि इकडे पंढरपूर-सांगोल्यापर्यंत. मेटाडोरमध्ये वाद्यं आणि वाद्यांवर माणसं. 1980 च्या जुलैअखेर रफीसाहेब गेले आणि त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक गावाला नुसती रफीचीच गाणी हवी होती; अब्बा सांगायचे, आम्ही रडत वाजवलं आणि लोकांनी रडत ऐकलं.

1977 साली अब्बांनी गिटार लाल केली. मेटाडोरच्या धक्क्यांनी तिचे कोपरे उडाले होते. गॅरेजात एका डॉक्टरांच्या फियाटचा लाल रंग उरला होता. "स्टेजच्या दिव्याखाली लाल उठून दिसतो," असं त्यांचं म्हणणं. आमच्या लहानपणीची गिटार म्हणजे ही लाल गिटार.

मग दिवस बदलले. कीबोर्ड आला आणि बेसचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं व्हायला लागलं. पुढं तर वाद्यांचा आख्खा ताफाच कॅसेटवर भरून मिळायला लागला. एक गायक, एक गायिका आणि एक मशीन, झाला ऑर्केस्ट्रा. 1998 साली अब्बा आणि अम्मी हजला जाऊन आले. आल्यावर महिन्याभरात अब्बांनी गिटार गॅरेजात नेली, तिच्यावर काळा रंग मारला, अम्मीनं शिवलेल्या रेक्झिनच्या खोळीत घातली आणि कपाटावर ठेवून दिली. "बस. हो गया," एवढंच म्हणाले. मोहल्ल्यातले काही बुजुर्ग खूष झाले. एकजण म्हणाले, "हाजीसाहब, अब सही रस्ते पे आए."

हे मिरजेत घडलं, म्हणून थोडं जास्त सांगायला हवं. आमच्या गावात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब 1937 साली गेले, आणि आजही उरुसात दर्ग्याच्या आवारात मोठमोठे गवई येऊन गातात. ज्यांच्या हातच्या सतारी-तंबोरे देशभर जातात ती सतारमेकर मंडळी मुसलमान. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांच्या घरातून हे काम सुरू झालं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावातही 'बाजा हराम की हलाल' हा वाद संपलेला नाही. आलिमांमध्येच मतभेद आहेत, तिथं गॅरेजवाल्यानं काय ठरवायचं? अब्बांनी वाद घातला नाही. त्यांनी काळा रंग मारला.

असो. 2024 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही गिटार गॅरेजात आणली. रेक्झिनची खोळ पिठासारखी हाताला लागत होती. गिटार पाहिली तर ठिकठिकाणी झिजलेली. वरच्या कडेला, जिथं उजव्या हाताची कोपरापुढची बाजू टेकते तिथं, रंग पार गेला होता. तारांखाली, अंगठा टेकवायच्या जागी, तळहाताएवढा भाग उघडा पडला होता. धाकटा म्हणाला, "पंचवीस वर्षं वाजवली, झिजणारच." थोरला म्हणाला, "पोराच्या हातात अशी कशी द्यायची? सगळं उतरवू, नवी करू." एकच गोष्ट आम्हाला जरा वेगळी वाटली. तारांना गंज नव्हता. मिरजेच्या पावसाळ्यात एवढी वर्षं पडलेल्या तारा तांबूस व्हायला हव्या होत्या. नशीब म्हणालो आणि पुढं गेलो.

तारा हळूहळू ढिल्या केल्या. एकदम कापल्या तर दांड्यावरचा ताण झटक्यात जातो. मागचे चार स्क्रू काढून दांडा वेगळा केला. वायरींचे मोबाइलवर फोटो काढून मगच डाग सोडवले. आतल्या खाचेत, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, थिनरचा बोळा दाबून धरला. जुना रंग कोणता हे ओळखायची गॅरेजची ही रीत आहे. लाखेचं पॉलिश असेल तर ते स्पिरिटनंच सुटतं. डुको असेल तर थिनरनं विरघळतो. कारखान्यातला पॉलिस्टरचा थर असेल तर थिनर त्याला ढिम्म हलवत नाही. इथं काळा विरघळला, त्याखालचा राखाडी सरफेसर विरघळला, लाल विरघळला आणि त्याखालचा जपानी थर काचेसारखा तसाच राहिला.

डुकोविषयी थोरल्याला बोलायला लावलं तर तो तासभर बोलेल. डुको हे नाव ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीचं. 1923-24 च्या सुमारास जनरल मोटर्सनं ओकलंड गाड्यांना हा रंग मारला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे जात. हा रंग काही तासांत वाळू लागला. मूळ कच्चा माल कापूस. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज होतं. त्याच घराण्यातून स्फोटक बंदुकीचा कापूस होतो आणि जुन्या सिनेमाची फिल्मही त्याचीच असायची. फेंडरच्या कारखान्यात गिटारींना रंगीत करायचं ठरलं तेव्हा त्यांनीही मोटारींचेच रंग उचलले. त्यांचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' हा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग. म्हणजे फियाटचा लाल गिटारीला मारून अब्बांनी काही अडाणीपणा केला नव्हता. कॅलिफोर्नियात जे झालं तेच मिरजेत झालं. अब्बांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर हसले असते.

डुकोचा गुण म्हणजे तो पातळ बसतो आणि लाकडाबरोबर हलतो. दोष म्हणजे तो मऊ असतो. घामानं, घासण्यानं झिजतो. पॉलिस्टर वर्षानुवर्षं हात लावला तरी तसाच चकचकीत राहतो. डुको मात्र हात लक्षात ठेवतो.

पहिल्या दिवशी आम्ही पाठीकडून सुरुवात केली. थिनरचे बोळे फिरवून काळा आणि लाल उतरवला, मग हीट गन लावून जपानी थर पत्र्यानं खरवडला. हीट गन एका जागी थांबवायची नाही, लाकूड जळतं. मशीनचा घासकागद लावायचा नाही, अंगाच्या गोलाया सपाट होतात. लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच हातानं घासायचं. 80 नंबरचा कागद, मग 120, 180, 220. तोंडाला मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. एके ठिकाणी लाकडाला खोक पडली होती. तिच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर आलं. तीन फळ्या जोडून केलेलं ते अंग उघडं पडलं. पन्नास वर्षांनी त्याला हवा लागली.

दुसऱ्या दिवशी गिटार उलटी केली. थोरल्यानं बोळा थिनरमध्ये बुडवला आणि हात तसाच धरून थांबला.

"काय झालं?"

"हे बघ." त्यानं कोपराच्या जागेवर बोट ठेवलं. "काळा, मग राखाडीची कड, मग लाल, मग पिवळा. नकाशा झालाय बघ."

गॅरेजात पॅच घासला की असा नकाशा दिसतो; एकात एक कडी, झाडाच्या खोडासारख्या. ठोकर लागून रंग उडाला तर कड धारदार राहते, नखाला अडकते. इथं बोट फिरवलं तर एकही कड लागत नव्हती. कागदानंही इतकं सफाईदार होत नाही. हे कातडीनं केलेलं काम होतं, घामानं आणि वर्षांनी.

"मग?" धाकट्याला अजून कळलं नव्हतं.

"काळा रंग अब्बांनी हजहून आल्यावर मारलाय. तारेला टांगून मी धरली होती, त्यांनी गन मारली. मारला तेव्हा सगळीकडं सारखा होता. त्यानंतर वाजवली नाही म्हणतोस, तर हा काळा झिजला कसा?"

झिजलेली वस्तू हातात आली की ती झिजलेलीच दिसते. ती कधी झिजली हे कोण विचारतं? आम्ही दोघं खाली बसलो. मग थोरल्याला पाठीकडचं आठवलं. पाठीचा काळा रंग उतरवताना तो जवळजवळ अखंड होता. पण त्याच्याखाली लाल रंगावर ओरखडेच ओरखडे होते आणि ते सरफेसरनं भरून घेतलेले होते. ते ओरखडे पट्ट्याच्या बकलाचे. स्टेजवर उभं राहून, पँट-पट्टा घालून वाजवणाऱ्याची पाठ अशी होते. काळ्या रंगावर बकलाचा एकही ओरखडा नव्हता. खालच्या कडेला मात्र, जिथं बाजा मांडीवर टेकतो तिथं, काळा झिजून मऊ झाला होता.

म्हणजे अब्बांनी हजनंतर गिटार वाजवली होती. एकदा-दोनदा नव्हे, डुको झिजेपर्यंत वाजवली होती. बसून वाजवली होती. लुंगी नेसून, रात्री, वायर न जोडता.

थोरला हसायला लागला. "बुढ्ढा पक्का निघाला," म्हणाला. धाकटा हसला नाही. तो उठला आणि घरी निघून गेला.

इथं धाकट्याचं दुखणं सांगायला हवं. 1999 साली तो कॉलेजात होता. गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रासाठी बेसवाला हवा होता आणि त्यानं लपूनछपून मित्राच्या गिटारीवर हात बसवला होता. एक दिवस धीर करून त्यानं अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, "हम छोड दिये, अब तू पकडता क्या? हात नको लगाओ उसकू." आवाज चढवला नव्हता. म्हणून तो जास्त लागला. धाकट्यानं त्यानंतर कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. शाळेत राष्ट्रगीताला पेटी वाजवायची वेळ आली, तरी तो दुसऱ्या बाईंना पुढं करतो. अब्बांनी एवढी मोठी गोष्ट सोडली, मग आपण कोण, असं त्यानं स्वतःला पंचवीस वर्षं सांगितलं होतं.

आणि अब्बांनी सोडलीच नव्हती.

आठ दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. थोरल्याचं म्हणणं, माणूस आहे, जपलं असेल थोडंसं स्वतःपुरतं. धाकट्याचं म्हणणं, मग मला का नाही जपू दिलं? थोरला म्हणे, लोकांच्या तोंडाला भीत असतील. धाकटा म्हणे, लोकांना भ्यायचं आणि पोराला दीन सांगायचा? यावर थोरल्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पोरगा मधेच विचारून जायचा, "चाचा, कधी होणार?" आणि चाचा उत्तर द्यायचा नाही.

शेवटी अम्मीलाच विचारलं. ती मेथी निवडत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "मेरेकू मालूम था. रातकू कपाट घुमता था ना."

कपाट घुमायचं म्हणजे काय, ते तिनं उठून दाखवलं. अब्बांच्या खोलीत सागवानी कपाट आहे. अब्बा त्याला लागून पलंगावर बसायचे आणि गिटारीचं टोक कपाटाच्या दाराला टेकवायचे. भरीव लाकडाला आवाज नसतो, पण ते पोकळ लाकडाला टेकवलं की सगळं कपाट गायला लागतं. तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम ते कपाट करायचं. दाराच्या कडेवर आम्ही बोट फिरवलं. तिथं पॉलिश घासून एक गुळगुळीत खळगा पडला होता आणि त्याला काळपट झाक होती. लहानपणापासून ते कपाट बघतोय आम्ही.

"तुम्ही बोलला नाहीत त्यांना कधी?" धाकट्यानं विचारलं.

"क्या बोलना? तहज्जुदकू उठते थे. नमाज पढते थे. फिर थोडा बजाते थे. फिर सोते थे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुझकू ना बोले, वो गलत किये. मैं बोली थी उनकू. चुप बैठे."

तिनं परत मेथी पुढं ओढली. धाकट्याला जे हवं होतं ते बहुतेक एवढंच होतं. अब्बा बरोबर होते, असं कुणी सांगावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. आपलं दुखणं घरात एका माणसाला ठाऊक होतं, एवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात आला आणि म्हणाला, "पुढची बाजू उतरवायची नाही."

आता नवा प्रश्न उभा राहिला. पाठ उघडी, पुढची बाजू झिजलेली. उघडं लाकूड तसंच ठेवलं, तर पोराचा घाम आत मुरणार, पावसाळ्यात लाकूड फुगणार आणि उरलेला रंग कडेनं उचलला जाणार. वर नवा रंग मारला तर अब्बांची ती वीस वर्षं बुजणार. थोरला म्हणाला, वरून पारदर्शक लॅकर मारू. पण गनमधून येणाऱ्या लॅकरमध्ये थिनर असतो. ओला थर पडला तर जुन्या डुकोच्या कडा मऊ पडतात आणि नकाशा पुसट होऊ शकतो.

आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका बुजुर्ग कारागिरांनी गिटार मांडीवर घेतली, उलटसुलट पाहिली, टिचकी मारली. "याच्यात पोकळी नाही?" म्हणाले. मग झिजलेल्या जागेवर अंगठा फिरवून म्हणाले, "हे कुणाच्या हातचं आहे?" आम्ही सांगितलं. त्यांनी सल्ला दिला: "चपडी लावा. पातळ. साजावर रंगाचं ओझं नको."

चपडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक किडा ती तयार करतो. तिचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवले की मधाच्या रंगाचं पॉलिश तयार होतं. लाख जवळजवळ कशालाही धरते. लाकडालाही आणि जुन्या रंगालाही. "घामानं ती जाईल की," थोरला म्हणाला. "जाईल ना," ते म्हणाले. "मग परत लावायची. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एक होते. खरवडावं लागत नाही." कापसाची गुंडी मलमलीच्या फडक्यात बांधायची, तिला तेलाचं एक बोट लावायचं आणि हात न थांबवता फिरवायचा, हे त्यांनी आम्हाला स्वतः करून दाखवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरगं वाजवायला लागलं की दर्ग्यात घेऊन या."

पाठ आणि बाजू आम्ही काळ्याच करायच्या ठरवल्या. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या सरस लावून बसवल्या. सीलर मारला, लांबी भरली, 320 नं घासलं. दांड्याच्या खोबणीत रंग जाऊ नये म्हणून ती कागदानं बंद केली. तिथं थर जाड झाला तर दांडा नीट बसत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डुकोचा पहिला हात मारला आणि तासाभरात काळ्यावर दुधाळ ढग आले. हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी रंगात अडकतं. तीस वर्षं गाड्या रंगवणाऱ्या थोरल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही; पोराच्या घाईपायी त्यानं मारला. अब्बा असते तर गन हातातून काढून घेतली असती. गिटार झाकून ठेवली आणि पावसाळा जाऊ दिला. ऑक्टोबरात ऊन पडलं, तेव्हा ढगाळलेला थर घासून परत पातळ हात मारले. एकावर एक सहा. मग महिनाभर हात लावला नाही, कारण डुको वरून तासात वाळतो पण आतून आकसत राहतो. त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, 1000, 1500, 2000, रबिंग कंपाउंड, मेण. जिथं नवा काळा जुन्या काळ्याला भेटतो तिथं कड राहू नये म्हणून थोरल्यानं दोन संध्याकाळी घातल्या. आता बोट फिरवलं तर कळत नाही. नीट पाहिलं तर कळतं. नवा काळा निळसर आहे, जुना तपकिरीकडं झुकलाय. ते आम्ही तसंच ठेवलं.

पुढच्या बाजूला चपडी धाकट्यानं लावली. थोरल्यानं लावायला घेतली होती, पण त्यानं फडकं काढून घेतलं. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर एक हात, असे अकरा दिवस. लाखेखाली चारही रंग ओले केल्यासारखे उजळले. कोपराची जागा, अंगठ्याची जागा. त्यानं तारा चढवल्या, वायरी जोडल्या, सूर लावले. मग गिटार पोराच्या हातात दिली. पोराचा हात अब्बांपेक्षा लांब आहे. त्याचं कोपर नकाशाच्या दोन बोटं पुढं पडतं. तिथं आता दुसरा नकाशा होईल.

गॅदरिंग झालं. आम्ही गेलो होतो. पोरांनी इतका आवाज ठेवला होता की काही कळलं नाही, पण छातीत धडधडलं. मोहल्ल्यातून एका-दोघांनी नाराजी बोलून दाखवली; आम्ही सलाम केला आणि विषय बदलला. अब्बा खरे कोणते, तहज्जुदला उठणारे की त्यानंतर कपाटाला टेकून बसणारे, हे आम्ही एकमेकांना विचारायचं सोडून दिलंय. त्यांच्या अंगावर दोन्ही रंग होते आणि दोन्ही त्यांनीच मारलेले होते. धाकट्याच्या मनातलं 1999 चं ते वाक्य मात्र तिथंच आहे. ते घासून काढायचं नाही, वर पातळ काहीतरी लावून ठेवायचं, एवढंच त्याला जमलंय.

पोरगा आठवडाभर हॉस्टेलवर असतो, शनिवारी गिटार घेऊन घरी येतो. शनिवारी रात्री धाकटा "अम्मीला भेटून येतो" म्हणून थोरल्याच्या घरी येतो आणि उशिरापर्यंत अब्बांच्या खोलीत बसतो. त्याला अजून फारसं काही येत नाही. बोटं त्रेचाळिसाव्या वर्षी वळत नाहीत. बाहेर काहीच ऐकू जात नाही. थोरला पलीकडच्या खोलीत जागा असतो. भिंतीला पाठ लावली की त्याला कपाट कळतं.